जॉन पोस्टेल

जोनाथन ब्रूस पोस्टेल (६ ऑगस्ट १९४३ – १६ ऑक्टोबर १९९८) हे अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ होते. इंटरनेटवरील पत्ते, पोर्ट क्रमांक आणि देशवार डोमेन नावे यांची नोंद ठेवण्याचे काम त्यांनी अखेरपर्यंत सांभाळले. हे काम पुढे 'इंटरनेट असाइन्ड नंबर्स ऑथॉरिटी', संक्षेपाने 'आयाना', या नावाने ओळखले गेले. एका इंटरनेट जोडणीवर अनेक यंत्रे चालवण्याची आजची पद्धत त्यांनी जपलेल्या या क्रमांकांवरच आधारलेली आहे.

जीवन

पोस्टेल यांचा जन्म कॅलिफोर्नियातील ऑल्टाडेना येथे झाला. लॉस एंजेलस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातून त्यांनी १९६६ मध्ये अभियांत्रिकीची पदवी आणि १९७४ मध्ये संगणकशास्त्रातील डॉक्टरेट मिळवली. इंटरनेटचे पूर्वरूप असलेल्या अर्पानेटचे पहिले केंद्र १९६९ मध्ये याच विद्यापीठात सुरू झाले व विद्यार्थी असतानाच ते त्या कामात सहभागी झाले. १९७७ पासून मृत्यूपर्यंत ते सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या माहितीशास्त्र संस्थेत कार्यरत होते.

कार्य

इंटरनेटचे तांत्रिक नियम 'आरएफसी' नावाच्या दस्तऐवजमालेतून प्रसिद्ध होतात. पोस्टेल या मालेचे दीर्घकाळ संपादक होते. १९८० मधील यूडीपी व १९८२ मधील ईमेल पाठवण्याची एसएमटीपी ही नियमावली त्यांनी लिहिली. १९८१ मध्ये त्यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झालेल्या नियमावलीने इंटरनेट पत्ता ३२ बिटांचा असेल, असे निश्चित केले. त्यामुळे पत्त्यांची कमाल संख्या सुमारे ४२९ कोटी ठरली. एकच पत्ता दोघांना दिला जाऊ नये, ही जबाबदारी पोस्टेल यांच्या नोंदींवर होती.

देशांची डोमेन नावे ठरवताना त्यांनी आंतरराष्ट्रीय मानक संघटनेच्या यादीतील दोन अक्षरी संकेत स्वीकारले. भारताचे '.इन' हे नाव १९८९ मध्ये नोंदले गेले. त्याचे व्यवस्थापन अनेक वर्षे मुंबईतील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राकडे होते.

पत्त्यांची टंचाई आणि नॅट

१९९० च्या दशकाच्या आरंभी पत्ते अपुरे पडणार हे स्पष्ट झाले. यावर 'नेटवर्क ॲड्रेस ट्रान्सलेशन' अर्थात नॅट हा उपाय क्येल्ड एगेवांग व पॉल फ्रान्सिस यांनी मांडला. त्याचे वर्णन करणारा आरएफसी मे १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. खाजगी वापरासाठी आयानाने पत्त्यांचे तीन गट राखून ठेवले. घरगुती राउटरवर दिसणारा १९२.१६८ ने सुरू होणारा गट त्यांपैकीच एक होय.

या पद्धतीत राउटर आतील यंत्राचा खाजगी पत्ता काढून त्याजागी स्वतःचा सार्वजनिक पत्ता व एक पोर्ट क्रमांक घालतो आणि ही जोडी तक्त्यात नोंदवतो. उत्तर आले की तक्ता पाहून ते योग्य यंत्राकडे पोहोचवले जाते. त्यामुळे जालना जिल्ह्यातील आष्टी येथील घरातला मोबाइल आणि लॉस एंजेलसमधील कार्यालयातला संगणक एकच खाजगी पत्ता वापरू शकतात; दोहोंचा गोंधळ होत नाही.

या सोयीची किंमतही आहे. बाहेरील यंत्राला आतल्या यंत्राशी स्वतःहून संपर्क साधता येत नाही. प्रत्येक यंत्र दुसऱ्याशी थेट बोलू शकेल, ही इंटरनेटची मूळ कल्पना त्यामुळे संकुचित झाली. १२८ बिटांच्या पत्त्यांची नवी नियमावली, आयपीव्ही६, डिसेंबर १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. परंतु नॅटमुळे जुनी व्यवस्था टिकून राहिली.

१९९८ ची घटना

२८ जानेवारी १९९८ रोजी पोस्टेल यांनी ईमेल पाठवून आठ मूळ नाव-सर्व्हरांच्या चालकांना आपल्या संगणकाकडून माहिती घेण्यास सांगितले. चालकांनी ते मान्य केले. अमेरिकी सरकारने आक्षेप घेतल्यावर पूर्वीची व्यवस्था परत आणण्यात आली. ही केवळ चाचणी होती, असे पोस्टेल यांचे म्हणणे होते. एका व्यक्तीवरील विश्वासावर चाललेली ही व्यवस्था किती व्यापक व किती नाजूक आहे, हे या घटनेने दाखवून दिले. त्याच वर्षी या कामासाठी 'आयकॅन' ही संस्था स्थापन झाली.

मृत्यू व स्मृती

हृदयाच्या झडपेवरील शस्त्रक्रियेनंतर उद्भवलेल्या गुंतागुंतीमुळे पोस्टेल यांचे लॉस एंजेलस येथे निधन झाले. इंटरनेट सोसायटी त्यांच्या नावाने १९९९ पासून पुरस्कार देते. फेब्रुवारी २०११ मध्ये आयानाकडील ३२ बिटांच्या पत्त्यांचे शेवटचे मोकळे गट वाटले गेले.