डॉक्टरीणबाई रखमाबाई

स्मरणिकेसाठी यंदा प्रत्येकीने एकेका थोर स्त्रीविषयी लिहावे असे बैठकीत ठरले, तेव्हा जिजाऊ, अहिल्याबाई, सावित्रीबाई ही नावे बाकीच्या भगिनींनी आधीच वाटून घेतली होती. माझ्या वाट्याला डॉ. रखमाबाई आल्या. खरे सांगते, तोपर्यंत मला त्यांच्याविषयी एवढेच ठाऊक होते की, नवऱ्याकडे नांदायला जायचे नाही म्हणून कोर्टात उभी राहिलेली ही बाई. मंडळाच्या कपाटातील पुस्तके वाचली तेव्हा वाटले, लोकांनी खटल्याची चार वर्षे ध्यानात ठेवली आणि नोकरीची पस्तीस वर्षे विसरली. मला त्या पस्तीस वर्षांविषयी लिहायचे आहे. पण आधीची हकिगत सांगितल्यावाचून ती नीट कळायची नाहीत.

रखमाबाईंचा जन्म मुंबईचा, २२ नोव्हेंबर १८६४ चा. त्या अगदी लहान असतानाच वडील जनार्दन पांडुरंग वारले. आई जयंतीबाई ऐन तारुण्यात विधवा झाली. त्यांच्या सुतार समाजात विधवेला पुन्हा लग्न करता येत असे, म्हणून जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी लग्न केले आणि पहिल्या नवऱ्याची मिळकत लेकीच्या नावे केली. हे सावत्र वडील म्हणजे वैद्यकाचे आणि वनस्पतिशास्त्राचे मोठे जाणकार. मुंबईत १८८३ साली निसर्गाच्या अभ्यासासाठी जी संस्था निघाली, तिच्या संस्थापकांत ते होते. घरात पुस्तके, औषधे आणि शिकलेल्या माणसांचा राबता. मुलीला अभ्यासाची गोडी लागली ती अशा घरात.

तरी लग्न अकराव्या वर्षीच झाले, एकोणीस वर्षांच्या दादाजी भिकाजींशी. मुलगी माहेरीच राहिली, घरीच वाचत, शिकत राहिली. इकडे दादाजींनी शिक्षण सोडले. १८८४ साली त्यांनी बायको ताब्यात मिळावी म्हणून दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला, अपिलात तो फिरला, आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांचा हुकूम झाला की नांदायला जा, नाही तर सहा महिने कैद भोगा. रखमाबाईंनी कैद पत्करायची तयारी दाखवली. वर्तमानपत्रांतून त्यांच्यावर काय काय लिहून आले ते वाचवत नाही. टिळकांसारखा मोठा पुढारीही विरोधात होता. या साऱ्यात आधार देणारे सावत्र वडील १८८५ सालीच गेले होते. पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते की व्हिक्टोरिया राणीने हे लग्न मोडून दिले. तसे झाले नाही. जुलै १८८८ मध्ये दादाजींना दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली आणि प्रकरण मिटले. रखमाबाई तेव्हा तेवीस वर्षांच्या होत्या. नाव सगळ्या हिंदुस्थानात झालेले, पण ते कसले, तर कोर्टकज्जाचे.

मुंबईच्या कामा इस्पितळातील डॉ. एडिथ पीची यांनी त्यांना डॉक्टरी शिकायला विलायतेस जाण्याचा सल्ला दिला. या पीचीबाईही साध्या नव्हत्या. एडिंबरोत वैद्यक शिकण्यासाठी ज्या सात मुली प्रथम धडपडल्या, त्यांतल्या त्या एक. निधी जमला आणि १८८९ मध्ये रखमाबाई लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय शाळेत दाखल झाल्या. शेवटी ब्रुसेल्सची एम. डी. घेऊन त्या १८९४ मध्ये तयार झाल्या. पहिल्या भारतीय स्त्री डॉक्टर म्हणून त्यांचे नाव पुष्कळदा सांगतात. पण आनंदीबाई जोशींनी पदवी १८८६ साली घेतली होती. बिचाऱ्या रुग्ण तपासण्याआधीच गेल्या. कलकत्त्यात कादंबिनी गांगुलीही आधीपासून काम करीत होत्या. पहिलेपणाचा मान नसला म्हणून रखमाबाईंचे काही उणे होत नाही.

१८९५ मध्ये त्या सुरतेच्या बायकांच्या इस्पितळात रुजू झाल्या. त्या काळचे बाळंतपण कसे होते हे आपल्या आज्या-पणज्यांकडून थोडेफार ऐकलेले असते. घरातली अंधारी खोली, खिडक्या बंद, आत शेगडीचा धूर, आणि सुईण. परपुरुषाने अंगाला हात लावायचा नाही, म्हणून पुरुष डॉक्टर बोलवायचा प्रश्नच नसे. कितीतरी घरी बाई मरे, पण डॉक्टर उंबऱ्याच्या आत येत नसे. यावर उपाय म्हणून १८८५ मध्ये लेडी डफरिन यांच्या नावाचा निधी निघाला आणि ठिकठिकाणी स्त्रियांची इस्पितळे उभी राहू लागली. पण इमारत उभी राहिली म्हणून बायका येतात थोड्याच? इस्पितळ म्हणजे मरायला जायची जागा, असाच लोकांचा समज होता.

शिवाय त्या वेळी डॉक्टरच्या हाती आजच्यासारखी औषधेही नव्हती. पेनिसिलीन यायला अजून चाळीस-पंचेचाळीस वर्षे होती. बाळंतरोगाने म्हणजे सूतिकाज्वराने धडधाकट बाई आठवड्यात जाई, आणि त्याचे मूळ बहुधा अस्वच्छ हातांत आणि हत्यारांत असे. विलायतेत तोवर हात धुणे, हत्यारे उकळणे, कार्बोलिक वापरणे हा नियम झाला होता. तेव्हा डॉक्टरणीची खरी विद्या म्हणजे स्वच्छता, वेळेवर ओळखलेले संकट, आणि रात्री-अपरात्री उठायची तयारी. यातले एकही काम मिरवता येण्याजोगे नाही. बाई बाळासह सुखरूप घरी जाते, ती आपल्या जावेला सांगते, जाऊ बहिणीला सांगते. नाव व्हायचे ते असे, एका बाळंतपणामागून दुसऱ्याने.

आमच्या मंडळाच्या भाजणीची मला इथे आठवण येते. एका दिवाळीला एक घाणा थोडा करपला होता, तरी आम्ही तो दिला. ते गिऱ्हाईक परत यायला दोन वर्षे लागली. इथे तर पीठ नव्हे, जीव होता, आणि बाई होती आधीच बदनाम झालेली. पहिल्याच वर्षी काही विपरीत घडते तर लोक काय म्हणाले असते, ते सांगायला नको.

रखमाबाई सुरतेत थोड्याथोडक्या नव्हे, बावीस वर्षे राहिल्या. मी बोटांवर हिशेब केला. १८९५ मध्ये तिथे जन्मलेली मुलगी त्या काळच्या रीतीने १९१० च्या आतच स्वतः आई झाली असेल, आणि तेव्हाही डॉक्टरीणबाई तिथेच होत्या. मधल्या काळात १८९६ ची प्लेगची साथ मुंबईतून पसरत गुजरातेत गेली, मग १८९९-१९०० चा मोठा दुष्काळ आला, ज्याला गुजराती लोक छप्पनिया म्हणतात. या साऱ्या दिवसांत त्या त्याच गावात, त्याच कामावर होत्या.

एक गोष्ट मात्र मला अजून उलगडली नाही. १९०४ मध्ये दादाजी वारले, तेव्हापासून रखमाबाई विधवेचे पांढरे लुगडे नेसू लागल्या. ज्याच्याकडे जायचे नाही म्हणून तुरुंग पत्करायला निघाल्या, त्याच्यासाठी हे का? आमच्या बैठकीत यावर बरीच वादावादी झाली. कोणी म्हणे संस्कार, कोणी म्हणे काम करताना लोकांच्या नजरेचा त्रास नको म्हणून. मला वाटते, ज्या गावातल्या बायकांनी आपल्याकडे यावे असे वाटते, त्यांच्या रीतीला त्यांनी तेवढा मान दिला असावा. पण हा माझा तर्क. पुन्हा लग्न त्यांनी केले नाही.

सुरतेचे काम संपले तेव्हा त्यांची पन्नाशी उलटून गेली होती. त्या वयात बाईला कोण विचारतो? पण इथे एकाला दोन ठिकाणी मागणी होती. १९१४ मध्ये स्त्री डॉक्टरांसाठी सरकारी मदतीने देशभराची एक सेवा निघाली होती, विमेन्स मेडिकल सर्व्हिस म्हणून. तिच्यात यावे असे त्यांना विचारण्यात आले. पद प्रतिष्ठेचे होते. त्यांनी नकार दिला आणि १९१८ मध्ये राजकोट संस्थानच्या जनाना इस्पितळाची जबाबदारी घेतली. म्हणजे पुन्हा पडद्यातल्या बायका, पुन्हा बाळंतपणे. तिथे आणखी दहा-अकरा वर्षे मुख्य डॉक्टर म्हणून राहून १९३० च्या सुमारास त्या निवृत्त झाल्या आणि मुंबईस परतल्या. पडद्याची चाल बंद व्हावी म्हणून १९२९ मध्ये त्यांनी एक पुस्तिकाही लिहिली. पडद्याआड काय होते ते त्यांनी आयुष्यभर पाहिले होते, तेव्हा ती ऐकीव माहितीवर लिहिलेली नव्हती.

त्यांची राजकोटची नोकरी चालू असतानाच, १९२३ मध्ये, नांदायला न जाणाऱ्या बायकोला कैदेत टाकण्याची तरतूद कायद्यातून काढली गेली. १९५५ च्या मे महिन्यात हिंदू विवाह कायदा झाला, आणि त्यानंतर चारच महिन्यांनी, २५ सप्टेंबरला रखमाबाई गेल्या. एक्क्याण्णव वर्षे पुरी व्हायला दोन महिने कमी होते.

२०१७ साली त्यांच्या जन्मदिवशी गूगलने आपल्या पानावर त्यांचे चित्र दिले होते. लेकीने ते मला मोबाइलवर काढून दाखवले. चित्रात कोर्ट नाही. रखमाबाईंच्या गळ्यात स्टेथोस्कोप आहे, आणि मागे इस्पितळातल्या बायका.