तट्टांच्या टापांखालचा पुरावा

भूगोलाच्या तासाला सरांनी फळ्यावर दक्षिण अमेरिका आणि आफ्रिका शेजारी शेजारी काढली. फाटलेल्या कागदाच्या दोन कडा जुळाव्यात तसे किनारे जुळत होते. हे नवल पूर्वीही काहींच्या ध्यानात आले होते; पण त्यासाठी आयुष्य पणाला लावले ते आल्फ्रेड वेगेनर यांनी.

त्यांचा जन्म १८८० साली बर्लिन येथे झाला. पदवी खगोलशास्त्राची, काम हवामानशास्त्राचे. १९०६ मध्ये थोरले बंधू कुर्ट यांच्यासह ते बलूनमधून सलग ५२ तास आकाशात राहिले. जानेवारी १९१२ मध्ये त्यांनी खंड सरकतात असा विचार मांडला आणि १९१५ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. भूशास्त्रज्ञ चिडले. हवामानवाल्याला खडकांतले काय कळते, असा एकंदर सूर होता. (आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच, तो सूर मला ओळखीचा आहे.) मात्र खंड कोणत्या शक्तीने सरकतात, याचे समाधानकारक उत्तर वेगेनर यांच्याजवळही नव्हते, हे कबूल केले पाहिजे.

१९१२ च्या उन्हाळ्यात ग्रीनलंडच्या मोहिमेवर जाताना ते आइसलँड बेटावर उतरले आणि तट्टांची परीक्षा घेण्यासाठी तेथील व्हात्नायोकुल हे बर्फाचे पठार ओलांडून गेले. हे बेट अटलांटिकच्या तळावरील लांबच लांब भेगेवरच वसलेले आहे. येथे उत्तर अमेरिकेचा आणि युरेशियाचा भूपट्ट वर्षाला सुमारे २ सेंटीमीटर एकमेकांपासून दूर सरतात आणि फटीतून तप्त रस वर येतो. अन्यत्र ही भेग बहुतेक पाण्याखालीच राहते. येथे पोटातून जादा रस येत असल्याने थरावर थर साचून जमीन समुद्राबाहेर आली. ज्या पुराव्यासाठी वेगेनर जन्मभर झगडले, तो त्यांच्या तट्टांच्या टापांखाली होता!

१ नोव्हेंबर १९३० हा त्यांचा पन्नासावा वाढदिवस. ग्रीनलंडच्या मध्यभागी असलेल्या ठाण्यावर सर्वांना पुरेल एवढे अन्न नव्हते, म्हणून त्याच दिवशी ते रासमुस विलुमसेन या साथीदारासह परत निघाले. दोघेही पोचले नाहीत. मे १९३१ मध्ये वेगेनर यांचा देह बर्फात नीट पुरलेला सापडला. विलुमसेननेच तो पुरला असणार. त्याचा मात्र पत्ता लागला नाही.

१४ नोव्हेंबर १९६३ रोजी आइसलँडच्या दक्षिणेस मासेमारीच्या बोटीवरील लोकांना समुद्रातून धूर निघताना दिसला. दुसऱ्या दिवशी तेथे सुर्टसे नावाचे नवे बेट पाण्यावर आले होते.