मायकेल फॅरेडे: टेस्ट किटमधल्या लाल रेषेमागचा माणूस

कोविडच्या रॅपिड टेस्ट किटवर उमटणारी लालसर रेष तुम्ही पाहिली असेल. बऱ्याच किटमध्ये तो रंग शाईचा नसतो, सोन्याचा असतो. सोन्याचे अतिशय बारीक कण एका जागी जमले की ती रेष दिसते. शुगर तपासायच्या मशीनमध्ये आपण जी पट्टी घालतो, ती वेगळ्या पद्धतीने चालते. रक्ताच्या थेंबातल्या रासायनिक क्रियेमुळे वाहणारा करंट मशीन मोजतं. सोन्याचे कण आणि हा करंट एकत्र आणून विषाणू ओळखणारं, खिशात मावणारं यंत्र बनवायचं काम आज जगभर चालू आहे. त्याला इलेक्ट्रोकेमिकल बायोसेन्सर म्हणतात. या दोन्ही गोष्टींच्या मुळाशी गेलं की एकच माणूस भेटतो: मायकेल फॅरेडे. कॉलेजची पायरीही न चढलेला.

लोहाराचा मुलगा, बाइंडिंगचं दुकान

मायकेलचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ चा, लंडनजवळचा. वडील लोहारकाम करायचे, पण सतत आजारी. घरात इतकी ओढाताण की लहानपणी एक पाव त्याला आठवडाभर पुरवावा लागे. शाळेत लिहिणं-वाचणं आणि थोडे आकडे, एवढंच शिक्षण झालं. चौदाव्या वर्षी तो पुस्तकं बाइंडिंग करणाऱ्या जॉर्ज रिबो यांच्याकडे उमेदवारीला लागला.

इथे त्याचं नशीब उघडलं. बांधायला आलेली पुस्तकं तो वाचूनही काढायचा. एका ज्ञानकोशातली विजेवरची नोंद आणि जेन मार्सेट या बाईंचं रसायनशास्त्राचं सोपं पुस्तक त्याच्या डोक्यात बसलं. दुकानाच्या मागच्या बाजूला जमेल तेवढे प्रयोगही चालू झाले.

१८१२ मध्ये एका गिऱ्हाइकाने त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या हम्फ्री डेव्ही यांच्या व्याख्यानांची तिकिटं दिली. मायकेलने ऐकलेलं सगळं नीट लिहून काढलं, स्वतः बाइंडिंग केलं आणि ती वही डेव्हींना पाठवून दिली. मार्च १८१३ मध्ये त्याला तिथेच मदतनीसाची नोकरी मिळाली. त्यानंतरच्या युरोप दौऱ्यात डेव्हींच्या पत्नी त्याला नोकरासारखं वागवत. पुढे १८२४ मध्ये रॉयल सोसायटीवर त्यांची निवड होताना खुद्द डेव्हींनीच विरोध केला. तरीही निवड झाली.

इलेक्ट्रोड हा शब्द कुठून आला?

१८३१ मध्ये फॅरेडेंनी चुंबकापासून वीज निर्माण करून दाखवली. जनरेटर आणि ट्रान्सफॉर्मर त्याच तत्त्वावर चालतात. पण आपल्या विषयासाठी त्यानंतरचं काम जास्त महत्त्वाचं.

द्रावणातून वीज गेली की पदार्थ वेगळे होतात, हे तेव्हा माहीत होतं. किती वीज गेली की किती पदार्थ वेगळा होतो, याचा नियम फॅरेडेंनी १८३३-३४ च्या सुमारास मांडला. म्हणजे वीज मोजली तर रसायन मोजता येतं. या कामासाठी नवे शब्द हवे होते. विल्यम व्ह्यूवेल या विद्वानाच्या मदतीने त्यांनी अ‍ॅनोड, कॅथोड, इलेक्ट्रोड, आयन हे शब्द रूढ केले. अकरावी-बारावीला पाठ केलेले हेच ते शब्द. शुगरच्या पट्टीवरच्या बारीक रेघा म्हणजे इलेक्ट्रोडच.

थेम्स नदीतली कागदाची टेस्ट

जुलै १८५५ मध्ये फॅरेडे बोटीने थेम्स नदीतून जात होते. शहराचं सगळं सांडपाणी नदीत, आणि लंडनमध्ये कॉलराच्या साथी. त्यांनी पांढऱ्या कार्डाचे तुकडे केले, ओले केले आणि प्रत्येक धक्क्यावर पाण्यात सोडले. स्वच्छ ऊन होतं, तरी तुकडे एक इंच खाली जायच्या आत दिसेनासे झाले. हे त्यांनी पत्र लिहून थेट वर्तमानपत्रात छापून आणलं. पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत न नेता नदीवरच केलेली ही टेस्ट कोणालाही समजेल अशी होती. तीन वर्षांनी दुर्गंधीने संसद हैराण झाली, तेव्हा कुठे गटारांच्या मोठ्या कामाला मंजुरी मिळाली.

सोनं लाल कसं झालं?

वयाच्या पासष्टीला ते सोन्याकडे वळले. सोन्याचा क्षार पाण्यात विरघळवून त्यांनी त्यावर फॉस्फरसची क्रिया केली. पाणी माणकासारखं लाल झालं. त्यातून प्रकाशझोत सोडला, तर झोताची वाट दिसू लागली. सोनं विरघळलेलं नाही, डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांच्या रूपात तरंगतंय, असा निष्कर्ष त्यांनी काढला. मीठ टाकलं की लाल रंग निळा होतो, हेही त्यांनी नोंदवलं. १८५७ मध्ये त्यांनी हे रॉयल सोसायटीपुढे मांडलं. नॅनो हा शब्द तेव्हा विज्ञानात आलाही नव्हता. त्यांच्या सोन्याच्या बाटल्या आजही रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जपून ठेवलेल्या आहेत.

बारीक कणांचा फायदा काय? एक सेंटिमीटरचा सोन्याचा ठोकळा घ्या. त्याचा पृष्ठभाग फक्त ६ चौरस सेंटिमीटर. त्याचेच १० नॅनोमीटरचे ठोकळे केले, तर एकूण पृष्ठभाग ६०० चौरस मीटर होतो, म्हणजे जवळपास सहा गुंठे! सेन्सरमध्ये असे कण इलेक्ट्रोडवर बसवतात आणि त्यांच्यावर ठरावीक विषाणूलाच पकडणारी अँटीबॉडी चिकटवतात. विषाणू अडकला की करंट बदलतो आणि छोटं यंत्र तो बदल मोबाइलवर दाखवू शकतं.

धाराशिवला याचं काय?

कोविडच्या सुरुवातीला आपल्या जिल्ह्यातले स्वॅब तपासायला बाहेर पाठवावे लागत. २०२० मध्येच विद्यापीठाच्या इथल्या उपकेंद्रात तपासणीची प्रयोगशाळा उभी राहिली, तेव्हा मोठा दिलासा मिळाला. तरीही परंडा किंवा उमरग्याच्या एखाद्या गावातून नमुना धाराशिवला पोचायचा, मग रिपोर्ट यायचा. तोवर पेशंट घरच्यांमध्येच वावरतो. आशाताईंच्या पिशवीत असा सेन्सर असेल, तर हा वेळ वाचेल.

अडचणी मात्र खऱ्या आहेत. लाळेतली, रक्तातली इतर प्रथिनंही इलेक्ट्रोडवर चिकटतात आणि आकडा चुकवतात. आपल्याकडच्या चाळीस डिग्रीच्या उन्हात अँटीबॉडी खराब होऊ शकते. म्हणून विषाणूंसाठीचे असे बरेच सेन्सर अजून प्रयोगशाळेतच अडकलेत.

फॅरेडेंनी सर ही पदवी नाकारली, रॉयल सोसायटीचं अध्यक्षपदही दोनदा नाकारलं. क्रिमियन युद्धासाठी विषारी वायूच्या कामात पडायलाही नकार दिला. शेवटच्या वर्षांत स्मरणशक्ती साथ सोडत गेली आणि २५ ऑगस्ट १८६७ ला ते गेले. त्यांचा इलेक्ट्रोड आणि त्यांचं लाल सोनं एकाच पट्टीवर येईल, हे त्यांना माहीत असायचं कारण नव्हतं. ती पट्टी उन्हात टिकवायची आणि गावापर्यंत स्वस्तात पोचवायची, हे काम अजून कोणीतरी करायचं बाकी आहे.