शेळीचं बाळंतपण

आमच्या किनाऱ्यावरच्या वाड्यांवर फिरताना एखादी गरोदर बाई हमखास म्हणते, ताई, दवाखाना नको. मला मग डॉ. रखमाबाई आठवतात.

लहानपणी लागलेलं लग्न त्यांनी मानलं नाही. नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने कैद, असं १८८७ मध्ये कोर्टानं बजावलं, तर त्या कैदेला तयार झाल्या! (पुढे तडजोड झाली, कैद टळली.) मग विलायतेत डॉक्टरी शिकून १८९५ मध्ये त्या सुरतेला आल्या. मुंबईची मराठी बाई, मुलूख गुजराती. त्यात बाळंतपणाला दवाखान्यात यायला बायका घाबरायच्या. सांगतात, की रखमाबाईंनी एक गाभण शेळी दवाखान्यात आणली, तिची सुटका केली आणि शेळी नि करडू दोन्ही धडधाकट असल्याचं बायकांना दाखवलं. एवढी शिकलेली बाई, पण व्याख्यान नाही दिलं! हळूहळू बायका येऊ लागल्या. १९१७ पर्यंत त्या सुरतेत होत्या, नंतर राजकोटला.

परवा एका पहिलटकरणीला मी नुसता वॉर्ड बघायला नेलं. तिथे तिच्याच गावची बाळंतीण भेटली. दोघी अर्धा तास बोलत बसल्या, मी बाहेर थांबले.