जॉन पोस्टेल : नंबरांची वही सांभाळणारा माणूस

ई-मेल आपण रोज वापरतो. कॅम्पसची यादी मेलवर येते, प्रोजेक्ट रिपोर्ट मेलवर जातो. पण हा मेल ज्या नियमांनी इकडून तिकडे पोचतो ते नियम लिहिले कोणी, असं वर्गात विचारलं तर बहुतेक जण खाली बघतील. त्या माणसाचं नाव जॉन पोस्टेल. आडनावातच पोस्ट आहे, त्यामुळे विसरायची सोय नाही!

पोस्टेल यांचा जन्म ६ ऑगस्ट १९४३ रोजी अमेरिकेत, कॅलिफोर्नियातील अल्टाडिना येथे झाला. यूसीएलए या लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून त्यांनी १९६६ मध्ये इंजिनिअरिंगची पदवी आणि १९७४ मध्ये कॉम्प्युटर सायन्सची डॉक्टरेट घेतली. १९६९ साली आजच्या इंटरनेटचं मूळ असलेलं अर्पानेट सुरू झालं. त्याला जोडलेला पहिला संगणक याच विद्यापीठातला, आणि पोस्टेल तिथे विद्यार्थी म्हणून काम करत होते. या नेटवर्कवर कोणत्या कामाला कोणता नंबर, याची नोंद ठेवायला कोणीतरी हवं होतं. पोस्टेल यांनी ते अंगावर घेतलं. त्याचबरोबर नेटवर्कचे नियम ज्यात छापले जात त्या आरएफसी नावाच्या टिपणांचं संपादनही त्यांच्याकडे आलं. ही दोन्ही कामं त्यांनी मरेपर्यंत, म्हणजे जवळजवळ तीस वर्षं केली. लांब दाढी, पायात सँडल आणि सुट्टीत डोंगर चढणं, असा हा माणूस.

ऑगस्ट १९८२ मध्ये त्यांचं आरएफसी ८२१ आलं. हाच तो एसएमटीपी. यात विशेष काय? तर दोन सर्व्हर दोन माणसांसारखे बोलतात. एक हेलो म्हणतो, पाठवणारा कोण ते सांगतो, मग घेणारा कोण, मग मजकूर, आणि शेवटी एका ओळीत फक्त एक टिंब. दर पायरीला समोरून तीन आकडी उत्तर येतं. २५० म्हणजे ठीक आहे. ४ ने सुरू होणारा आकडा म्हणजे आत्ता जमत नाही, थोड्या वेळाने या. ५ ने सुरू होणारा म्हणजे जमणारच नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं : एकदा मेल घेतला असं सांगितलं की तो पोचवायची किंवा पोचला नाही हे कळवायची जबाबदारी घेणाऱ्याची. पत्र मधल्यामध्ये गडप होता कामा नये.

याची किंमत मला गावी कळली. आमचं वालूर सेलू तालुक्यात (जि. परभणी), गोल फिरत उतरणाऱ्या पायऱ्यांच्या बारवेमुळे ओळखलं जातं. मागच्या दिवाळीच्या सुट्टीत एका छोट्या कार्यालयात मला बोलावणं आलं. इंजिनिअरिंगला आहे म्हणजे कॉम्प्युटर दुरुस्त करता येणारच, हा गावाचा ठाम समज! त्यांचा मेल नव्या सर्व्हरवर नेला होता आणि आउटलुकवर मेल येत होते पण जात नव्हते. बघितलं तर येणाऱ्या मेलची सेटिंग नवी, जाणाऱ्याची जुनीच, पोर्ट २५. नव्या सर्व्हरला हवं होतं ५८७ आणि पासवर्ड. ते झालं. मग एका टेबलावरून सहकाऱ्याला पाठवलेलं उत्तर ५५० घेऊन परत येऊ लागलं. नाव टाईप करताना आउटलुक आपल्या आठवणीतला जुना पत्ता सुचवत होता. तो पुसून पूर्ण पत्ता नव्याने टाईप केल्यावर मेल गेला.

पण एक गोष्ट दुरुस्त होण्यासारखी नव्हती. जुन्या सर्व्हरवरचे मेल कॉपी झाल्यानंतरही, नवा पत्ता सगळीकडे पोचेपर्यंत काही मेल जुन्या जागीच उतरले होते. तो सर्व्हर लगेच पुसून टाकला होता. त्यात एका शेतकऱ्याच्या कागदांबद्दलचं उत्तर होतं. त्याला परभणीचा आणखी एक हेलपाटा पडला.

नळ आला म्हणून पहिल्याच दिवशी कोणी आड बुजवत नाही. पोस्टेल यांना हे पक्कं माहीत होतं. अर्पानेटची जुनी एनसीपी पद्धत सोडून सगळ्यांना टीसीपी/आयपीवर न्यायचं होतं. नोव्हेंबर १९८१ च्या आरएफसी ८०१ मध्ये त्यांनी त्याचा आराखडा मांडला. मुदत १ जानेवारी १९८३. मधलं अख्खं वर्ष दोन्ही पद्धती चालू, आणि फक्त जुनी किंवा फक्त नवी भाषा समजणाऱ्या संगणकांमध्ये मेल पोचवायला मधे दुभाषी यंत्रं. १९८२ मध्येच जुनी पद्धत थोडा वेळ बंद करून कोण मागे राहिलंय तेही तपासलं गेलं. एवढं करूनही काही ठिकाणी पुढे कित्येक महिने निस्तरणं चालू होतं.

आपला .in सुद्धा १९८९ मध्ये पोस्टेल यांच्याच यादीत चढला. तेव्हा त्याचं काम मुंबईच्या जुहूमधली एनसीएसटी ही संस्था बघत होती.

त्यांच्यावर टीकाही झाली. जानेवारी १९९८ मध्ये त्यांनी इंटरनेटच्या मूळ सर्व्हरपैकी आठ जणांच्या चालकांना, नावांची यादी आपल्या संस्थेच्या यंत्रावरून घ्यायला सांगितलं. चाचणी होती असं त्यांचं म्हणणं. अमेरिकी सरकारचा दबाव आल्यावर ते मागे घेतलं गेलं. जगाची वही एका माणसाच्या हातात असावी का, हा प्रश्न मात्र उरलाच. त्याच वर्षी आयकॅन ही संस्था स्थापन झाली. काही दिवसांतच, १६ ऑक्टोबर १९९८ रोजी, हृदयशस्त्रक्रियेनंतर पोस्टेल गेले. वय अवघं ५५. त्यांचे मित्र व्हिंट सर्फ यांनी मृत्युलेख लिहिला तो आरएफसी म्हणूनच, क्रमांक २४६८.

आजही दोन सर्व्हर एकमेकांना मेल देतात ते २५ नंबरच्याच पोर्टवर. तेव्हा पुढच्या वेळी मेल अडकला तर लगेच आउटलुक काढून पुन्हा टाकू नका. आधी आलेला तीन आकडी नंबर वाचा. आणि कधी नोकरीत सर्व्हर बदलायचं काम तुमच्याकडे आलं, तर जुना थोडे दिवस चालू ठेवा. त्याच्यावर कोणाचं तरी पत्र अजून येत असतं.