कमला सोहोनी

कमला भागवत यांचा जन्म १९११ साली इंदूर येथे झाला. त्यांचे वडील व काका हे दोघेही बंगळूरच्या टाटा विज्ञान संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ होते. थोरली बहीण दुर्गा भागवत पुढे मराठीतील श्रेष्ठ लेखिका म्हणून विख्यात झाल्या. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन कमलाबाईंनी त्याच बंगळूरच्या संस्थेत प्रवेशासाठी अर्ज केला. तो नाकारला गेला. अर्जदार स्त्री होती, एवढेच कारण होते.

संस्थेचे संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन यांना भेटून कमलाबाईंनी जाब विचारला व त्या मागे हटल्या नाहीत. अखेर प्रवेश मिळाला तो अटींवर. पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून मान्यता नव्हती. मार्गदर्शक सांगतील तर रात्री उशिरापर्यंत काम करावयाचे होते. शिवाय त्यांच्यामुळे प्रयोगशाळेचे वातावरण बिघडता कामा नये, अशीही तंबी होती. या वागणुकीचा सल त्यांच्या मनात उतारवयापर्यंत राहिला. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध, डाळी व कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. वर्षभरात रामन यांचे समाधान झाले आणि संस्थेचे दार इतर मुलींनाही उघडले.

पुढे केंब्रिज येथे, वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी असते, हे दाखवून त्यांनी १९३९ साली डॉक्टरेट मिळविली. १९४७ मध्ये विवाहानंतर त्या मुंबईस आल्या व विज्ञान संस्थेत शिकवू लागल्या.

येथे कडधान्ये पुन्हा त्यांच्या प्रयोगशाळेत आली. गरिबांना प्रथिने मिळतात ती बरीचशी डाळी-उसळींतूनही. पण ती अंगी कितपत लागतात? आतड्यात प्रथिनांचे पचन करणारे एक विकर म्हणजे ट्रिप्सिन. कच्च्या कडधान्यांतील काही पदार्थ या विकराला घट्ट चिकटतात आणि त्याचे काम थांबवितात. हे अवरोधक स्वतःही प्रथिनेच असतात! वाल आणि डबल बी यांतील अवरोधक शुद्ध स्फटिकरूपात वेगळे केल्याचे कमलाबाई व त्यांच्या सहकाऱ्याने १९५५ साली ‘नेचर’ नियतकालिकात जाहीर केले. नीट शिजविल्यास अशा अवरोधकांचा जोर बराच ओसरतो. वाल भिजवून, मोड आणून, मऊ शिजविणाऱ्या गृहिणींना हे नाव ठाऊक नव्हते, रीत मात्र ठाऊक होती.

ताडीच्या झाडाचा ताजा रस, म्हणजे नीरा, हाही त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. कुपोषित आदिवासी मुले व गरोदर स्त्रिया यांना नीरेचा लाभ होतो, असे त्यांना आढळले. या कार्यासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. १९९८ साली त्यांचे निधन झाले.