अठराव्या वर्षी फाशी, अपील नाही : औरंगाबादेत राहिलेल्या अनंत कान्हेरेंची कहाणी

बिडकीन : नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याला गोळ्या घालणारे हुतात्मा अनंत लक्ष्मण कान्हेरे सगळ्यांना माहीत आहेत. पण ते काही काळ आपल्या औरंगाबादेत राहायला होते आणि त्यांचा खटला कसा चालला, हे फार जणांना ठाऊक नसतं.

अनंतरावांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेड तालुक्यात आयनी गावी झाला. शिक्षणासाठी ते आधी इंदूरला राहिले, मग औरंगाबादेत आले. इथंच त्यांचा नाशिकच्या क्रांतिकारकांशी संबंध आला. जून १९०९ मध्ये बाबाराव सावरकरांना कविता छापल्याबद्दल जन्मठेप झाली. हा राग जॅक्सनवर होता. २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात 'शारदा' नाटकाच्या वेळी अनंतरावांनी त्याला गोळ्या घातल्या आणि ते जागेवरच पकडले गेले.

खटला नेहमीच्या सेशन कोर्टात चालला नाही. सरकारनं १९०८ मध्येच खास कायदा करून ठेवला होता. खटला हायकोर्टाच्या तीन न्यायाधीशांपुढं चालायचा, ज्युरी नाही आणि निकालावर अपील नाही. मॅजिस्ट्रेटपुढच्या सुरुवातीच्या चौकशीत तर आरोपीला वकीलही देता येत नव्हता.

२९ मार्च १९१० ला निकाल लागला. गोळ्या झाडल्या एकट्या अनंतरावांनी, पण फाशी तिघांना झाली. त्यांच्यासोबत कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे होते. कोणाचा वाटा किती, हे वरच्या कोर्टात पुन्हा तपासायला वाटच नव्हती. अवघ्या २१ दिवसांत, १९ एप्रिलला, तिघांनाही ठाण्याच्या तुरुंगात फासावर दिलं. घरच्यांना देहही मिळाले नाहीत. अनंतराव तेव्हा अठरा वर्षांचे होते.

आज कायदा वेगळा आहे. घटनेच्या दिवशी वय १८ च्या आत असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळाकडं जातं आणि फाशी देताच येत नाही. म्हणून शाळेचा दाखला, जन्माचा दाखला घरात जपून ठेवावा. वय १८ च्या वर असलं तरी अटक झाल्यावर २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढं उभं करावं लागतं, वकिलाला भेटू द्यावं लागतं आणि शिक्षा झाली तर अपील करता येतं. कोठडीतल्या माणसाला आणि बालकाला विधी सेवा समितीकडून वकील फुकट मिळतो. त्यासाठी १५१०० हा नंबर आहे.

गावात भांडणतंट्यात पोरांची नावं गुन्ह्यात येतात तेव्हा घरचे आधी पुढाऱ्याकडं धावतात. खरं तर आधी वकील गाठला पाहिजे. अनंतरावांना जे मिळालं नाही, ते आज गरिबाच्या पोरालाही हक्कानं मागता येतं.